मुंबई किती लांब?

२०२४ च्या जूनमध्ये आमचे व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच अमेरिकेला आले. व्याही नाशिकचे, बँकेत आयुष्य गेलेले, पै-पैशाच्या हिशेबाला पक्के. न्यूअर्क विमानतळावरून एडिसनला येताना गाडीत दहा मिनिटं गप्प होते. प्रवासाचा शीण असेल असं मला वाटलं. मग एकदम म्हणाले, "अहो, एक विचारू का? आम्हाला एवढं वरून फिरवून का आणलं?"

समोरच्या सीटच्या पाठीवर तो छोटा पडदा असतो ना, त्यावरचा नकाशा ते सोळा तास बघत बसले होते. मुंबई खाली, न्यूयॉर्क डावीकडे जरा वर. सरळ पट्टी ठेवून रेघ मारावी तसं जायचं सोडून विमान आपलं वर वर चढलं, ग्रीनलंडच्या शेपटाजवळून वळलं आणि कॅनडावरून खाली उतरलं. व्याह्यांचा संशय साधा होता. "नाशिकरोड स्टेशनवर नवखं गिऱ्हाईक दिसलं की रिक्षावाला पंचवटी फिरवून आणतो, तसलं तर काही नाही ना?"

मंडळाच्या गणेशोत्सवात हा किस्सा सांगितला तेव्हा सगळे हसले. पण नंतर जेवणाच्या रांगेत चार जणांनी हळूच विचारलं, "पण खरंच, वरून का जातात?" वीस-वीस वर्षं दर दोन वर्षांनी भारतवारी करणारी मंडळी ही! तेव्हा संपादकांनी "लिहूनच द्या" म्हटल्यावर मला नाही म्हणता आलं नाही. मी स्थापत्य अभियंता, विमानांचा तज्ज्ञ नव्हे. पण या एका अंतराचा हिशेब मी एका कारणाने फार बारकाईने केलेला आहे. ते कारण पुढे येईलच.

घरी आल्यावर व्याह्यांना नातवाचा पृथ्वीचा गोल दाखवला. देवघरातून हार ओवायचा दोरा आणला. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरलं आणि दोरा ताणला. सैल दोरा कुठूनही जातो, पण ताणला की तो स्वतःच सगळ्यांत जवळची वाट शोधतो. आमचा दोरा राजकोटजवळून निघाला, क्वेट्टा आणि हेरातच्या आसपास गेला, कॅस्पियन आणि अरल समुद्रांच्या मधून वर चढला, व्होल्गा ओलांडून थेट मॉस्कोवर पोचला! तिथून फिनलंड, नॉर्वेतलं ट्राँधेम, आइसलंडचं रेकयाविक, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, मग लाब्राडोर, मेन आणि बोस्टनच्या डोक्यावरून न्यूयॉर्क. व्याह्यांनी दोन वेळा स्वतः ताणून बघितला. दोन्ही वेळा मॉस्कोच आलं.

मोसंबं बरोबर मध्यातून कापलं तर सालीवर जी गोल रेघ पडते, तिला महावृत्त म्हणतात. पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन गावांमधली सर्वांत जवळची वाट अशाच एका महावृत्तावर असते. मुंबई आणि न्यूयॉर्क पृथ्वीच्या केंद्रापाशी सुमारे ११२.७ अंशांचा कोन करतात. एका अंशाला साधारण १११ किलोमीटर. गुणाकार करा, सुमारे १२,५०० किलोमीटर येतात, म्हणजे ७,८०० मैलांच्या आसपास. या वाटेवर मुंबईहून निघताना तोंड पश्चिमेला नसतंच, उत्तरेकडे आणि किंचित पश्चिमेला असतं. वाटेतली सर्वांत उत्तरेची जागा जवळजवळ ६५ अंशांवर येते.

आता भिंतीवरच्या नकाशावरची ती "सरळ" रेघ बघू. ती रियाधजवळून, इजिप्तमधल्या लक्सरवरून, अल्जीरियाच्या वाळवंटातून, मोरोक्कोतल्या मराकेशपासून अटलांटिकमध्ये उतरते. तिची लांबी मी काढली ती सुमारे १४,२०० किलोमीटर. सतराशे किलोमीटर जास्त! जवळजवळ दोन तासांचं उड्डाण. म्हणजे रिक्षावाल्याने फिरवलं नाही, उलट गल्लीतून जवळचा रस्ता काढला.

घोटाळा नकाशाचा आहे. गोल साल सपाट कागदावर बसवायची तर उत्तरेकडचा भाग ताणावा लागतो. साठाव्या अक्षांशावर पृथ्वीचा घेर विषुववृत्तावरच्या घेराच्या निम्माच, म्हणजे सुमारे २०,००० किलोमीटर, पण शाळेतल्या नकाशावर दोन्ही रेघा सारख्याच लांब. म्हणून तर त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट मोठी आहे. कॅलिफोर्नियातल्या वाचकांनी आपला दोरा ताणला तर आणखी मजा येईल. सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई सुमारे १३,५०० किलोमीटर, आणि दोरा ७७ व्या अक्षांशाच्या आसपास आर्क्टिक समुद्रावरून जातो. त्यांना भारत पूर्वेला की पश्चिमेला हा प्रश्नच नाही. भारत त्यांच्या उत्तरेला आहे.

अंतर झालं. आता वेळ. मोठी विमानं वर पोचल्यावर ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने जातात. साडेबारा हजारांना नऊशेने भागलं तर चौदा तासांना थोडे कमी. मग मुंबईहून येताना सोळा तास का लागतात आणि जाताना साडेचौदा का?

पहिलं उत्तर वारा. समशीतोष्ण पट्ट्यात, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक नदीच वाहत असते. तिला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ती जास्त जोरात असते, ताशी दोनशे किलोमीटर तर सहज. विमानाचा वेग हवेच्या मानाने असतो, जमिनीच्या मानाने नाही. भारताकडे जाताना ही नदी पाठीशी, येताना तोंडावर. नदीतून पोहणाऱ्याचं जे होतं तेच. फेब्रुवारी २०२० मध्ये एक ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी सहा-साडेसहा तास लागतात. इंजिनाने काही वेगळं केलं नव्हतं, मागून वादळी वारा होता. अटलांटिकवरच्या वाटाही या वाऱ्याप्रमाणे रोज नव्याने आखल्या जातात. कॅनडातलं गँडर आणि पलीकडचं शॅनविक ही केंद्रं दिवसातून दोनदा त्या ठरवतात. आज आपलं विमान ज्या वाटेने गेलं ती उद्या तिथे असेलच असं नाही.

दुसरं उत्तर राजकारण. दोऱ्याला देशांच्या सीमा कळत नाहीत, विमानाला कळतात. सोव्हिएत काळात मॉस्कोवरून सरळ जाणं बहुतेक पाश्चात्त्य कंपन्यांना शक्य नव्हतं. १९९१ नंतर ते आकाश हळूहळू उघडलं, आणि फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे अमेरिकन आणि युरोपीय विमानांना पुन्हा बंद झालं. भारतीय कंपन्यांना ती बंदी नव्हती. म्हणजे तेच दोन विमानतळ, पण शेपटावरच्या झेंड्याप्रमाणे वाट वेगळी. पाकिस्तानने बालाकोटनंतर २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपलं आकाश बंद ठेवलं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना तेल भरायला युरोपात उतरावं लागलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झालं, आणि मग बंदी महिन्या-महिन्याने वाढत गेली. जून २०२५ मध्ये तर इराणचंही आकाश काही दिवस बंद होतं. यात मुंबईकरांचं एक सुदैव आहे. आपल्याला अरबी समुद्र मोकळा. ओमानकडे वळून पुढे जाता येतं. दिल्लीकरांना आधी दक्षिणेला उतरावं लागतं आणि मग पश्चिमेला जावं लागतं.

तिकिटावर दिसतो तो काळ या सगळ्याहून वेगळा, कारण त्यात घड्याळांची गंमत मिसळलेली असते. हिवाळ्यात आपल्यात आणि भारतात साडेदहा तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेनऊ. जानेवारीत मुंबईहून रात्री एकला निघालात आणि सोळा तास उडालात तर इथे त्याच दिवशी सकाळी साडेसहाला उतरता. नुसतं घड्याळ बघितलं तर साडेपाच तासच झाले! जाताना मात्र दुपारी बाराला निघून साडेचौदा तास उडालात तरी तिथे दुसऱ्या दिवशीची दुपारची एकची वेळ असते. पूर्ण पंचवीस तास. आमच्या विहीणबाई त्यावर म्हणाल्या, "म्हणजे येताना देव वेळ देतो आणि जाताना व्याजासकट घेतो." तो अर्धा तास कुठून आला, हे इथे जन्मलेली मुलं नेहमी विचारतात. भारताची वेळ साडेब्याऐंशी रेखांशावर बांधली आहे, म्हणून ग्रिनिचहून साडेपाच तास पुढे. त्यातही आपल्या मुंबईचा हट्ट असा, की शहरात १९५५ पर्यंत "मुंबई टाइम" चालत होता, देशाच्या वेळेहून ३९ मिनिटं मागे. माझे आजोबा मुंबईला गेले की दोन घड्याळांचा हिशेब ठेवत.

मी १९७४ मध्ये इथे आलो तेव्हा मध्ये तीन थांबे होते. आखातात एक, मग रोम, मग लंडन. एअर इंडियाने मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा १९६० मध्ये बोइंग ७०७ ने सुरू केली, त्याच परंपरेतला तो प्रवास. थांबे प्रवाशांच्या सोयीसाठी नव्हते, तेल संपत असे म्हणून होते. लांब उडायचं तर तेल जास्त घ्यावं लागतं, तेल जास्त घेतलं की वजन वाढतं, आणि ते वजन उचलून न्यायला पुन्हा तेल लागतं. पंधरा तासांच्या उड्डाणात मोठं विमान शंभर टनांच्या आसपास तेल जाळतं. हे गणित दोन मोठ्या, कमी तेल खाणाऱ्या इंजिनांनी सोडवलं. पण दोनच इंजिनं घेऊन समुद्रावर फार दूर जायला पूर्वी परवानगी नसे. १९८५ मध्ये जवळच्या विमानतळापासून एका इंजिनावर १२० मिनिटांच्या अंतरापर्यंत जाण्याची मुभा मिळाली, पुढे १८० मिनिटांची, आणि मग लांबच्या वाटा खुल्या झाल्या. नोव्हेंबर २००५ मध्ये बोइंगचं ७७७-२००एलआर हे विमान हाँगकाँगहून पूर्वेकडच्या वाटेने लंडनला न थांबता गेलं, २१,६०० किलोमीटर, पावणेतेवीस तास. त्यानंतर वर्षभरात, नोव्हेंबर २००६ मध्ये, डेल्टाने न्यूयॉर्क–मुंबई थेट सेवा सुरू केली, आणि ऑगस्ट २००७ मध्ये एअर इंडियाने. नंतर कोणी बंद केल्या, कोणी पुन्हा सुरू केल्या. आज कोण उडतं ते तिकीट काढतानाच बघावं.

आता ते कारण. १९९३ च्या फेब्रुवारीत, मंगळवारी पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. पहाटेचा फोन म्हणजे काय हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. दादा साताऱ्याहून बोलत होता. तिकडे दुपारचे पावणेदोन होत आले होते. बाबा जेवून उठले, ओटीवर आले आणि गेले. दादाने विचारलं, "तू किती वेळात येशील? थांबू का?"

मी अभियंता, पण मला उत्तर देता आलं नाही. "उद्या पोचतो," असं म्हणालो. ते खोटं होतं, पण मला ते तेव्हा माहीत नव्हतं.

झालं असं. मी १९८५ मध्ये इथलं नागरिकत्व घेतलं होतं आणि भारताच्या व्हिसाची मुदत संपून दोन महिने झाले होते. दोष सर्वस्वी माझा. दुपारपर्यंत व्हिसा हातात आला. संध्याकाळी सातचं विमान मिळालं. म्हणजे फोनपासून सोळा तास मी न्यूयॉर्कच्या आसपासच होतो. युरोपपर्यंत सात तास. तिथे बर्फ पडत होतं. आम्ही उतरलो पण पुढचं विमान चुकलं, आणि तेरा तास एका खुर्चीत काढले. मग मुंबईपर्यंत साडेआठ तास. गुरुवारी सकाळी दहाला सहारला उतरलो. सामान आणि कस्टम्स, दोन तास. टॅक्सीने सातारा, साडेसात तास. तेव्हा एक्स्प्रेस-वे नव्हता आणि खंडाळ्याच्या घाटात ट्रक उलटला होता. घराच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते.

बेरीज करा. चोपन्न तास. त्यातले हवेत साडेपंधरा. एक तृतीयांशही नाही.

दादा थांबला नव्हता. मंगळवारी संध्याकाळीच बाबांना माहुलीच्या संगमावर नेलं. आईनेच सांगितलं होतं, "तो कधी येईल देवाला माहीत, यांना ताटकळत ठेवू नका." मात्र सावडायला तिने मला थांबवून ठेवलं होतं. खरं तर ते गुरुवारी व्हायचं, शुक्रवारी सकाळी झालं. कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात तिथे मी दादाबरोबर उतरलो. पाणी कमी होतं. दादा मला काही बोलला नाही. पुढे कधीच बोलला नाही. पण परत येताना विमानात मी एका कागदावर हे तास मांडले. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

त्या कागदावरून एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. विमानाचा वेग वाढवणं माझ्या हातात नव्हतं, बर्फही नव्हतं, पण पहिले सोळा तास होते. तेव्हापासून आमच्या घरी एका ड्रॉवरमध्ये पासपोर्ट, भारतात जाण्याचे कागद, थोडे रुपये आणि गावाकडच्या एका विश्वासू गाडीवाल्याचा नंबर एकत्र असतात. १९९९ मध्ये पीआयओ कार्ड निघालं आणि २००५-०६ पासून ओसीआय, त्यामुळे व्हिसाची धावपळ बऱ्याच जणांची वाचली. पण ओसीआय काढलेला आणि पासपोर्टचीच मुदत संपलेली अशी उदाहरणं आपल्या मंडळातच आहेत. मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचे असतात, हे तर हमखास विसरलं जातं. आणि घाईच्या वेळी शंभर डॉलर वाचवायला दोन ठिकाणी विमान बदलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक बदल म्हणजे चुकण्याची एक जागा. थेट विमान दुसऱ्या दिवशीचं असेल आणि बदलाचं आजचं, तर मात्र आजचं घ्यावं. हे पटणार नाही असे लोकही असतील. त्यांनी आपला कागद मांडून बघावा.

२००९ मध्ये आई गेली तेव्हा मी थेट विमानाने गेलो. फोनपासून साताऱ्याच्या पायरीपर्यंत एकोणतीस तास लागले. दादाने विचारलं, "थांबू का?" मी म्हणालो, "उद्या रात्री दहापर्यंत येतो." साडेनऊला पोचलो. ते थांबले होते.

व्याह्यांना हे सगळं मी सांगितलं नाही. त्यांना फक्त दोरा दाखवला आणि वाऱ्याचं सांगितलं. पण माणूस हिशेबाचा. सप्टेंबरच्या शेवटी परत जाताना एक छोटी वही घेऊन निघाले. नाशिकला पोचल्यावर फोन आला. "लिहून घ्या," म्हणाले. "तुमचं दार सोडलं आठ वाजता, आमचं दार उघडलं तेव्हा तुमच्याकडे दुसऱ्या दिवशीचे नऊ वाजून दहा मिनिटं. एकूण पंचवीस तास दहा मिनिटं. त्यात हवेत चौदा तास दहा. तुमच्या नऊशेच्या हिशेबात फार चूक नाही."

"आणि बाकीचे अकरा?"

"साडेचार तुमच्या विमानतळावर आणि रस्त्यात, दीड मुंबईच्या विमानतळावर, आणि पाच मुंबई ते नाशिक. कसारा घाटात रांग होती," ते म्हणाले. "तिथे मागून वारा असून काही उपयोग नाही."